उभ्या गाडीचं बिल

गाडी नियमित चालत असेल तर तिचा मालक मला वर्षातून दोन-तीनदा भेटतो. ऑइल, फिल्टर, प्लग-पॉइंट, ब्रेक बघून देणं, एवढ्यात काम संपतं आणि बिलही बेताचंच होतं. तीच गाडी फार्महाउसच्या शेडमध्ये कव्हर घालून सहा महिने उभी राहिली, की बिलाला कागदाची दुसरी बाजू लागते. म्हणजे निव्वळ धंदा बघायचा तर मी प्रत्येकाला सांगायला हवं, ‘शेठ, जपून ठेवा, मीटर वाढू देऊ नका.’ मी उलटं सांगतो. लोकांना वाटतं, याला दुसऱ्याच्या गाड्या फिरवायची हौस आहे. हौस आहेच, ती कशाला नाकारू? पण माझा सल्ला हौसेतून आलेला नाही, बिलांवरून आलेला आहे.

शहापूर ते मुरबाड या पट्ट्यात माझं काम चालतं. नव्या गाड्या माझ्याकडे फारशा येत नाहीत. त्यांना स्कॅनर लागतो, त्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात. माझ्याकडे येतात त्या कार्बोरेटरच्या, हौसेने ठेवलेल्या. फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ११८ एनई, जुनी मारुती ८००, जिप्सी, महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपा, क्वचित एखादी कॉन्टेसा. मालक बहुतेक ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कल्याणकडचे. सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, त्यात रोजची गाडी. वडिलांची फियाट विकायला मन होत नाही, मग ती मुरबाडच्या प्लॉटवर येते. प्लॉटवर वॉचमन असतो, पत्र्याची शेड असते आणि गाडीला कव्हर असतं. या तीन गोष्टी असल्या, की मालकाला झोप चांगली लागते. माझं काम तिथून पुढे सुरू होतं.

मी शिकलो कल्याणात, टॅक्सी आणि काळ्या-पिवळ्या जीपांवर. तेव्हा फियाट म्हणजे हौसेची गाडी नव्हतीच, पोटाची होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १,०८९ सीसीचं इंजिन, ४० हॉर्सपॉवर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं तरी टॅक्सीवाले शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा पेपरांतून हळहळ छापून आली. त्या टॅक्सींचं पोट मी आतून पाहिलेलं आहे. दिवसपाळी एका ड्रायव्हरची, रात्रपाळी दुसऱ्याची, इंजिन गार व्हायला सवड नाही. लायनर घासायचे, मग बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे. पुन्हा घासले की पुन्हा बोअर. किंगपिन, बुश, क्लच प्लेट, सगळं ठरलेल्या वेळी झिजायचं आणि ठरलेल्या वेळी बदललं जायचं. पण टॅक्सीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली मी कधी पाहिली नाही. टाकीत गंजाचा चिखल नाही, व्हील सिलिंडर जाम नाही, वायरिंग उंदराने खाल्लेलं नाही. हे सगळं मला पुढे फार्महाउसवाल्यांनी शिकवलं, आणि तेही ज्या गाड्यांच्या मीटरवर जेमतेम तीस-चाळीस हजार आकडा होता त्यांच्यावर.

घासणं आणि सडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला या कामातून कळलंय म्हणा. घासणं सांगून येतं. टॅपेट वाजतात, सायलेन्सर निळा धूर सोडतो, ऑइल कमी होतं, ॲव्हरेज पडतं. घासलेला भाग मायक्रोमीटरने मोजता येतो आणि त्या मापाचा पुढचा पिस्टन, पुढची बेअरिंग बाजारात मिळते. कारखान्यानेच ती सोय करून ठेवलेली असते. सडण्याला माप नाही. ब्रेकची नळी आतून किती गेली हे पेडल जमिनीला टेकेपर्यंत कळत नाही. आणि मीटर फक्त घासणं मोजतं.

आमच्याकडच्या पावसाबद्दल मुंबईकरांना वेगळं काय सांगायचं? तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांच्या नळाला येतं ते इथलंच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेडमधल्या पत्र्याला हात लावला तरी ओल लागते. अशा हवेत गाडी कव्हरखाली ठेवणं म्हणजे तिला ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवणं. वरून पाणी पडत नाही हे खरं, पण जमिनीतून निघालेली वाफ कव्हरच्या आत अडकते. पॉलिथिनचं कव्हर असेल तर बघायलाच नको. मी मालकांना सांगतो, कव्हर काढा, शेडच्या दोन बाजू उघड्या राहू द्या, धूळ बसली तर बसू दे. धूळ फडक्याने निघते. पण मालक महिन्यातून एकदा येतात आणि त्यांना गाडी चकचकीत बघायची असते. कव्हर पुन्हा चढतं.

मग दसरा येतो. नवरात्र बसलं की माझा फोन वाजायला लागतो, कारण दसऱ्याला गाडीची पूजा करायची, झेंडूचा हार घालायचा आणि देवळापर्यंत एक फेरी मारायची. पावसाळाभर उभी असलेली गाडी नेमकी त्या आठवड्यात कोणीतरी चालू करून बघतो.

पहिली तक्रार बॅटरीची. ती ठीक आहे, बॅटरी चार महिन्यांत बसतेच. दुसरी तक्रार, गिअर पडत नाही. इंजिन चालू आहे, क्लच दाबलाय आणि गिअर टाकायला गेलं की खर्रर्र. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. फियाटची मागची चाकं घोडीवर चढवायची, इंजिन तापू द्यायचं, बंद करायचं, गिअर टाकायचा आणि गिअरमध्येच सेल्फ मारायचा. चाकं फिरायला लागली की क्लच दाबून ब्रेकला झटका द्यायचा. नशीब असेल तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि प्लेट सुटते. नसेल तर गिअरबॉक्स खाली. तिसरी तक्रार, गाडी ओढत नाही, जड चालते. वॉचमनने हँडब्रेक ओढून ठेवलेला असतो आणि ब्रेक शू ड्रमला धरून बसलेले असतात. उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड किंवा ओंडका लावायचा, हे मी प्रत्येक शेडच्या खांबावर लिहून लावलंय. तरी ओढतात. उतार नसला तरी ओढतात.

सगळ्यात गमतीची तक्रार म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटर झकास चालते आणि बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. धसईकडच्या एका प्लॉटवरच्या जिप्सीने असा छळ मांडला होता. मालकाने आधीच एका ठिकाणी कार्बोरेटर उघडून घेतला होता, दुसऱ्या ठिकाणी पेट्रोल पंप बदलून घेतला होता. मी टाकीच्या हवेची बारीक नळी बघितली. कुंभारीण माशीने तिच्या तोंडात मातीचं घर बांधलेलं. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं, आत हवा शिरत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल पुढे यायचं थांबतं. थांबल्यावर कुठून तरी थोडी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते. पिनेने चिमूटभर माती काढली, काम झालं. चालत्या गाडीत कुंभारीण घर बांधत नाही. तिलाही स्थिर जागा लागते.

पेट्रोलचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०२५ पर्यंत पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जुन्या गाड्यांची पेट्रोल पंपाची पडदी, नळ्या, कार्बोरेटरमधली पॅकिंग त्या काळच्या रबराची, त्याला हे मानवत नाही. तरी जी गाडी दर पंधरवड्याला टाकी हलवते तिच्यात ताजं पेट्रोल येत राहतं. अर्ध्या टाकीवर चार महिने उभ्या असलेल्या गाडीचा कार्बोरेटर उघडला की वाटीत पांढरी भुकटी बसलेली आणि जेट बंद. ज्यांना पावसाळ्यात गाडी हलवायचीच नाही त्यांना मी सांगतो, पंपाची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होईल. निदान तेवढं तरी करा.

आता वॉचमनकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने होतं. मालक सांगून जातो, ‘रोज सकाळी पाच मिनिटं चालू करत जा.’ वॉचमन इमानदारीत करतो. ऐकायला बरं वाटतं, पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी तापलेली असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, वाफ आतच थिजते आणि पत्रा आतून कुजतो. तीच वाफ थोडी इंजिनात उतरते. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, आतून मलईसारखा पिवळट थर दिसला की समजायचं, ऑइलमध्ये पाणी फेटलं जातंय. भरीला, बऱ्याच जुन्या फियाटींना अल्टरनेटर नाही, डायनॅमो असतो. तो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. म्हणजे रोज सेल्फ मारून बॅटरीतून काढायचं आणि परत काही टाकायचं नाही. एका मालकांना मी म्हटलं, ‘साहेब, वॉचमनला सांगा, गाडीला हात लावू नकोस. त्यापेक्षा उभी बरी.’ त्यांना राग आला. त्या वॉचमनला ते या कामाचे वेगळे पैसे देत होते.

चालवायची तर नीट चालवायची. मी काय करतो ते सांगतो. मुरबाडहून निघायचं, सरळगावपर्यंत शांतपणे. तोवर रेडिएटरचं पाणी तापतं, काटा मध्यावर येतो आणि नवख्याला वाटतं गाडी तापली. ऑइल पाण्याच्या मागून तापतं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्याहून सावकाश. टोकावडे गेल्यावर गाडीचा आवाज बदलतो. जड, दबका आवाज मोकळा होतो, स्टिअरिंग हलकं लागतं, गिअर बोटांनी पडतात. मग वैशाखऱ्यापर्यंत, म्हणजे नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत, जरा पाय दाबायचा. तिथे बोनेट उघडून पाच मिनिटं नुसतं बघायचं: कुठून गळतंय का, वास कसला येतोय, पंखा बरोबर ओढतोय का. मग परत. पंधरा-वीस दिवसांतून एकदा एवढं झालं तर त्या गाडीचं माझ्याकडे फारसं काम निघत नाही. माळशेज चढायची गरज नाही. पावसाळ्यात तर चढूच नये, दरड आणि पर्यटक दोन्हींचा भरवसा नाही. पावसात उघडीप मिळाली की तेवढी फेरी मारायची आणि परतल्यावर खालून साध्या पाण्याने धुवून गाडी वाऱ्यात उभी करायची.

या फेऱ्यांवरून भांडणं होतात. मुलुंडचे एक गृहस्थ दर वेळी जाताना मीटरचा फोटो काढून जातात. त्यांची पद्मिनी शेवटच्या काही वर्षांतली आहे, मीटरवर वीस हजारांच्या आतला आकडा. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, डॉक्टर होते, दवाखाना ते घर एवढीच चालायची. मी दोन महिन्यांत साठ-सत्तर किलोमीटर चालवली की ते विचारतात, ‘इतकी कशाला?’ मी समजावतो. ते म्हणतात, ‘अहो मिस्त्री, उद्या विकायला काढली तर रनिंगच विचारतात ना?’ विचारतात, हे खरं आहे. ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, कमी चाललेली’ या तीन शब्दांनी भाव चढतो. पण ते विकणार आहेत का? मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात एक गिऱ्हाईक बसलंय, जे कधी येणार नाही, आणि त्या गिऱ्हाइकासाठी ते स्वतः गाडीत बसत नाहीत.

बरं, मीटरवर विश्वास तरी किती ठेवायचा? जुन्या मीटरना पाचच आकडे. ९९,९९९ नंतर सगळे शून्यावर. तेव्हा ३२,००० म्हणजे बत्तीस हजार की एक लाख बत्तीस हजार, हे मीटर सांगू शकत नाही. शिवाय केबलचं मीटर मागे फिरवणं हा जुन्या गाड्यांच्या बाजारात कुणालाही नवा नसलेला धंदा. माझ्याकडे कोणी गाडी दाखवायला आणली तर मी मीटर शेवटी बघतो. आधी क्लच आणि ब्रेकच्या पायदानाचं रबर. गुळगुळीत झालेलं रबर आणि वीस हजारांचं मीटर एकत्र नांदत नाहीत. रबर कोरं करकरीत असेल तरी संशय, बदललेलं असू शकतं. मग ड्रायव्हरचं दार उघडून वर उचलून बघायचं, बिजागऱ्या किती खेळतात. सीटची स्प्रिंग डावीकडची आणि उजवीकडची सारखी बसते का. किल्लीचे दात किती झिजलेत. एवढं झालं की गाडी चालवून बघायची.

म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा माणूस यापेक्षा शहाणा असतो. पौषी पौर्णिमेला म्हशात मोठा बैलबाजार भरतो, लहानपणापासून बघतोय. तिथे दात बघतात, खूर बघतात, शेपटीला हात लावून बघतात आणि मग चालवून बघतात. ‘याला नांगराला फार जुंपलेला नाही’ म्हणून कोणी जास्त पैसे मोजत नाही. मोठ्या वयाचा आणि तरी न जुंपलेला बैल असेल तर उलट विचारतात, का बरं? मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अर्थात, प्रत्येक गाडीला मी ‘फिरवा’ म्हणत नाही. डोंबिवलीच्या एका गृहस्थांची ११८ एनई आहे. ही गाडी प्रीमियरने १९८५ मध्ये काढली, बॉडी फियाट १२४ ची, इंजिन-गिअरबॉक्स निसानचं. इंजिन दणकट, त्याची मला चिंता नाही. चिंता समोरच्या काचेची. आमच्या रस्त्यांवर खडीचे डंपर सतत चालू असतात; एक खडा उडाला की काच गेली आणि तशी काच शोधायला सहा महिने जातात. तीच गोष्ट दिव्यांच्या काचांची, दाराच्या रबरांची, डॅशबोर्डची. प्यूजो ३०९ तर कल्याणच्याच कारखान्यात जोडली जायची, पण आज तिच्या एखाद्या भागासाठी कल्याणात फिरलात तर दुकानदार तुमच्याकडेच बघत बसतो. अशा गाड्यांना मी दिवाळी ते मे एवढाच हंगाम देतो, तोही सकाळी लवकर, डंपर रस्त्यावर यायच्या आधी. मालक म्हणतात, म्हणजे शेवटी जपायचीच ना? जपायचीच. पण किलोमीटरपासून नाही, खड्यापासून. इंजिन घासलं तर मी उभा आहे. काच मी बनवू शकत नाही.

आणि एक, टायरचं. कमी चाललेल्या गाडीचा सगळ्यात फसवा भाग म्हणजे टायर. नक्षी खोल, काळेभोर, बघणाऱ्याला नवेच वाटतात. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर वयाने मरतं, किलोमीटरने नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो आमच्या शहापूर तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून प्रत्येक हौशी मालकाला आपली जुनी गाडी एकदा तिथे न्यायची असते, बोगद्यातून व्हिडिओ काढायचा असतो. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. चाळीस घोड्यांची फियाट, चारही ड्रम ब्रेक आणि दहा वर्षांचे ‘नवे’ टायर घेऊन तिथे जायचं? ब्रेक ऑइलही बघा. डॉट-३ ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं. ओल शोषून घेतलेल्या अवस्थेत त्याच्यासाठीचं प्रमाण १४० अंशांवर येतं. पाय दाबला आणि ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं. मी अशा मालकांना कसाऱ्याच्या जुन्या रस्त्याने आटगाव-खर्डीपर्यंत जायला सांगतो. ट्रक आहेत, पण सगळेच हळू आहेत.

सरकारच्या कागदावर मात्र या सगळ्या चर्चेला फार जागा नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० रुपयांऐवजी ५,००० रुपये फी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींना ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. गाडी एक लाख चालली काय किंवा शेडमधून हललीच नाही काय, पावती तीच. फक्त विमावाल्यांनी थोडं डोकं लावलं: २०२२ पासून ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ अशी सोय विम्यात घेता येते. पण ती आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागापुरती, थर्ड पार्टीच्या हप्त्याला किलोमीटरने फरक पडत नाही.

एक नियम मात्र थेट या प्रश्नावर बोलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्याने नोंदवली तर ‘व्हीए’ मालिका. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. आणि अट अशी, की ती गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतंच. नियम वाईट नाही. मूळ रूपाची गाडी टिकावी, डिझेलचं इंजिन टाकून तिची वाट लागू नये, हे मलाही पटतं. टॅक्सीवाल्यांनी किती फियाटींच्या पोटात काय काय कोंबलं ते मी पाहिलंय. पण नियम लिहिणाऱ्याला वाटतं, दुरुस्तीला जाण्यापुरती बाहेर काढली की गाडी टिकते. माझं म्हणणं, बाहेर काढत राहिली की दुरुस्तीला जावं लागत नाही.

शहापूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांची १९७४ ची फियाट आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. सर तिला बाजारात नेतात, पोस्टात नेतात, नातवंडांना आसनगाव स्टेशनवर आणायला नेतात. तिचं इंजिन दोनदा बोअर झालंय, दोन्ही वेळा मापाचे पिस्टन मिळाले. पत्रा बघाल तर कुठे फुगलेला नाही. गाडीने पन्नाशी ओलांडली, तेव्हापासून त्यांच्या पुण्याच्या मुलाच्या डोक्यात व्हिंटेज नोंदणी बसलीय. त्याचं म्हणणं, कागद पक्का होईल, किंमत वाढेल आणि बाबा या वयात गिअरच्या दांड्याशी झटापट करायचं थांबवतील. हे शेवटचं कारण मला सगळ्यात खरं वाटतं. मुलाने मला फोन केला, ‘दादा, तुम्ही सांगा ना त्यांना.’ मी सांगितलं, पण माझ्या पद्धतीने: ‘सर, जुनी नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते, फी जास्त आहे, पण वापरावर बंधन नाही. व्हिंटेज घेतलीत तर पोस्टात नेता येणार नाही.’ त्यावर सर म्हणाले, ‘पोस्ट आहे कुठे आता, सगळं मोबाइलवरच.’ म्हणजे नक्की काय ते मला कळलं नाही.

नूतनीकरणाची तारीख जवळ आलीय. तपासणीसाठी मी हेडलाइटचा फोकस लावून दिला, हँडब्रेक ताणला, मागच्या नंबरप्लेटचा दिवा बदलला. कुठला अर्ज भरायचा ते सरांनी अजून ठरवलेलं नाही. परवा किन्हवलीला लग्न होतं, तिथे गाडी घेऊन गेले आणि येताना हॉर्न बसला म्हणून माझ्याकडे थांबले. मी विचारलं, ‘सर, कागदांचं काय ठरलं?’

‘आधी हॉर्न बघ,’ ते म्हणाले.